आत्मारामचा काळा रुपया

आत्माराम खलाशाच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची कोणाची छाती नव्हती. एक त्याची मिशी आणि दुसरा त्याचा काळा रुपया. मिशी निदान बायकोने झोपेत तरी कापली असती. रुपया कुलपात होता.

रुपया चांदीचा, एकोणीसशे अठराचा. आजोबांनी होडी बांधायला घेतली तेव्हा पूजा करून, होडीच्या पुढच्या टोकाच्या लाकडात खाच पाडून, कोरा करकरीत रुपया बसवला आणि वरून राळ ओतली. तशी रीतच होती त्यांच्यात. पन्नास वर्षांनी होडी मोडली तेव्हा तो बाहेर आला, काळाठिक्कर. पण बाजारात एक दिवस फिरलेला नाही! राजाची भुवई, मुकुटातले मणी, सगळं काल टाकसाळीतून निघाल्यासारखं. नाण्यांचा नाद असलेली माणसं ह्याच्यावरच जीव टाकतात. काळेपणाला ती नाण्याचं वय म्हणतात, आणि घासलेलं नाणं दिसलं की सोवळ्यात कोणी शिवल्यासारखं तोंड करतात.

हा नाद दादूलाही होता. दोघे मिरकरवाड्याच्या बंदरात पंचवीस वर्षं एकाच ट्रॉलरवर. दोघांनी मिळून एक भारी भिंग घेतलेलं. गणपती ते शिमगा आत्मारामकडे, शिमगा ते गणपती दादूकडे. भावाभावांत आंब्याच्या कलमांची वाटणी इतक्या सुखाने होत नाही. फरक एकच, दादू नाणी घासायचा. राख, लिंबू, टूथपेस्ट, काही सोडायचा नाही. मे महिन्यात शाळेत नाण्यांचं प्रदर्शन भरलं, तिथे आत्माराम सगळ्यांदेखत म्हणाला, "दादूचं टेबल बघायचं तर गॉगल लावा रे, डोळे जातील!"

लोक पोट धरून हसले. दादूही हसला. पुढे महिनाभर वाडीत त्याचं नावच 'गॉगल' पडलं. ते कोणी पसरवलं हे कृपा करून विचारू नका.

दिवाळीच्या तोंडावर आत्मारामच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर बारीक बघायला मनाई केली. आणि नेमका त्याच आठवड्यात सावर्ड्याचा महिपत रत्नागिरीत येणार होता. जुनी नाणी पारखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आपल्या रुपयाची प्रत एकदा जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकावी, एवढीच आत्मारामची हौस. विकायचा नव्हता. आजोबांची होडी गेली, वडील गेले, तो काळा तुकडा तेवढा राहिलेला. पण देणार कोणाकडे? दादू सोडून होतं कोण! कुलूप उघडून पुडी त्याच्या हातात ठेवली.

दोन दिवसांनी दादूचा फोन. "महिपत आलाच नाय रे. पुडी वहिनींकडे दिलीय. तू झोपला होतास, उठवला नाय."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आत्माराम देव्हाऱ्यापुढे बसला, तर ताम्हनात रुपया. पांढराफेक, स्टीलच्या चमच्यासारखा.

"हे काय केलंस गो?"

बायको, हौसा, कौतुकाने म्हणाली, "आमसुलाच्या पाण्यात भिजत घातला, मग राख लावून काथ्याने घासला. अजून लकाकला असता, पण हात दुखले."

चाळीस वर्षं तिने दर दिवाळीला देवाची भांडी अशीच घासली, आणि चाळीस वर्षं ह्या एका नाण्यावर नवऱ्याची बंदी. ती बंदी उठली म्हणून बाई हरखलेली! "दादूभावजींनीच निरोप दिला. तुम्हीच सांगितलंत म्हणाले, औंदा घासून पूजेत ठेवा."

आत्मारामने फोन लावला. दादू म्हणाला, "मी कशाला सांगू? मी फक्त पुडी दिली. वहिनींना घासायची केवढी हौस, तुला माहीत नाय?"

ते आत्मारामला पटलं. चाळीस वर्षांच्या बायकोपेक्षा पंचवीस वर्षांचा दोस्त खरा ठरला. बारा दिवस तो हौसाशी धड बोलला नाही. ताट वाढलं की भिंतीकडे तोंड करून जेवायचा. एकदा तर म्हणाला, "खोटं बोलायचं तर नीट तरी बोल." सुरमईच्या तुकडीत मीठ कमी पडलं होतं त्या दिवशी, पण मीठ मागायचीही सोय नव्हती.

तेराव्या दिवशी दारात महिपत उभा.

"आत्मारामभाऊ, तो रुपया परत बघायला आलो. त्या दिवशी दादूने दाखवला तेव्हापासून झोप नाय. एक नंबर प्रत! मी त्याला तीनदा सांगितलं, ह्याला पाण्याचा थेंबही लावू नका, घासलात तर मेला."

त्याने मोबाइलमधला त्या दिवशीचा फोटो दाखवला. काळा रुपया, भुवईचा केस न् केस दिसणारा. खाली तळहात, अंगठ्यावर गळ रुतल्याचा जुना व्रण. दादूच्या अंगठ्यातला तो गळ आत्मारामनेच काढला होता, भर समुद्रात, पक्कड लावून.

घासलेला रुपया महिपतने भिंगाखाली धरला. काथ्याचे ओरखडे राजाच्या गालावरून आरपार गेलेले. त्याने तो खाली ठेवला आणि चहाही न घेता निघाला.

हौसा मागे उभी होती. आत्मारामने मान वर केली नाही. ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास नव्हता तो नव्हता. ज्याच्यावर होता, तोही गेला ना?" आणि विळीकडे वळली.

संध्याकाळी दादू रोजच्यासारखा येऊन पडवीच्या बाकावर बसला. आत्मारामने भिंग त्याच्यापुढे ठेवलं.

"शिमग्यापर्यंत तुझी पाळी," दादू म्हणाला.

"ने."

"काय झालं रे?"

"महिपत येऊन गेला."

दादूने भिंगाची पिशवी उलटसुलट केली. समोरच्या कुंपणाशी कान लावून कोण उभं होतं ते जाऊ द्या. मग दादू म्हणाला, "शंभर माणसांत हसलास माझ्यावर, आत्म्या."

"हसलो. तुझ्या तोंडावर हसलो." आत्माराम म्हणाला. "तू माझ्या बायकोच्या हातून करवलंस. बारा दिवस मी तिला खोटी म्हटलं, आणि तू रोज ह्या बाकावर बसून बघत होतास."

दादू उठला. भिंग घेऊन गेला.

रुपया ताम्हनातच राहिला. हौसा दिवा लावायला आली आणि वाकून म्हणाली, "पुढच्या दिवाळीला घासू, की नको?"

आत्मारामने ताम्हन तिच्यापुढे सरकवलं. तो म्हणाला, "तूच ठरव आता."