पाणी पिणारा दगड

भूगर्भशास्त्राच्या वर्गातल्या माझ्या मित्राला तेल शोधायच्या नोकरीत घेतलं आणि मला नाही, याचं खापर मी वडिलांवर फोडलं. तेही तोंडावर. ते विहिरी खोदणारे. सोलापूरच्या काळ्या कातळात पाणी असतं ते चिरांत. चीर लागली तर विहीर, नाहीतर नुसता खड्डा. हे ऐकतच मी वाढलो. मुलाखतीत विचारलं, प्राचीन प्रवाळांच्या चुनखडकात तेल कुठं साठतं? मी छातीठोकपणे म्हणालो, चिरांत. मित्र बार्शीच्या कापडवाल्याचा पोरगा, विहिरीत कधी डोकावलाही नसेल. त्यानं पुस्तकातलं सांगितलं: खडकाच्या अंगातच, प्रवाळ मेल्यावर राहिलेल्या बारीक पोकळ्यांत. तो लागला. मी पाण्याच्या खात्यात दुष्काळी गावं हिंडत बसलो.

मुंबईच्या समुद्रात तेल लागलं, त्यानंतर वर्षभरानं तो आमच्या घरी आला. अंगात कडक इस्त्रीचा टेरिकॉटचा शर्ट, हातात रुमालात गुंडाळलेला दगड. कुठल्याशा बोअरमधून निघालेला.

"चुनखडकच की," मी म्हणालो. "आमच्या मोरीतली शहाबादी फरशी याच जातीची."

वडिलांनी मात्र तो पाण्याच्या घमेल्यात बुडवला. बुडबुडे येतच राहिले.

"आयला, ह्यो तर पाणी पितोय की," ते मित्राला म्हणाले. "लई मोठं काम करतोस बाबा."

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. मी दाखवलेल्या जागांवर गावोगाव पाणी लागलं होतं. कुटं लागलं रं, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

मित्र जाताना दगड त्यांनाच देऊन गेला. तो कोनाड्यात बसला आणि आल्यागेल्याला दाखवणं सुरू झालं. आठवडाभर मी सोसलं. मग एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून कामाच्या पिशवीतली आम्लाची बाटली काढली. चुनखडक ओळखायला एक थेंब पुरतो. मी अख्खी बाटली ओतली. दगड फसफसला, प्रवाळांची नक्षी गेली आणि बेढब, पिवळट गोळा उरला.

संध्याकाळी वडिलांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला. बाटली कुणाची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते ओरडतील म्हणून मी तयारच होतो.

"मला चिरीतलंच पाणी ठावं हुतं," ते म्हणाले. "त्येच तुला सांगितलं. असला दगूड आदी बघितला असता, तर नीट सांगितलं असतं की."