पांढरी पत्रिका

सुमनबाईंनी छापलेल्या लग्नपत्रिकेवरून कुणाच्या घरी भांडण झालं नाही, अशी नाशिक रोडला त्यांची ख्याती होती. थोरला चुलता आधी, धाकटा नंतर, रुसणारा मेव्हणा चौकटीत, आणि मामाचं नाव वेगळ्या ओळीत, जरा मोठ्या टाइपात. वर गणपती, खाली कलश, जागा उरली तर वेल. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू त्या स्वतः बोटाने लावायच्या. शेजारीच माझं बाइंडिंगचं दुकान होतं. अशी कामसू बाई शोधून सापडायची नाही, आणि तिच्याइतकी डूख धरणारीही नाही.

२००४ साली घोटीच्या भातगिरणीवाल्या धोंडीरामांचा रोहित पुण्याहून डिझाइन शिकून आला. आल्या आल्या त्याने एका हॉटेलचा, एका फरशीच्या दुकानाचा आणि एका दवाखान्याचा बोर्ड केला. तिन्ही पांढऱ्यावर करड्या अक्षरांचे. ताप दाखवायला निघालेली माणसं फरशा बघून परत यायची आणि लोक म्हणायचे, शहर सुधारलं.

स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला तो आईला, कुसाबाईंना, घेऊन आला. सुमनबाईंनी नमुना पुढे केला. त्याने तो चार गिऱ्हाइकांदेखत दोन बोटांत धरून उचलला.

“मावशी, ही पत्रिका आहे की आठवडे बाजार? पांढरा कागद घ्या. दोन नावं, तारीख, ठिकाण, बस. आणि ते हळदीचे डाग नकोत.”

गिऱ्हाइकं हसली. कुसाबाई पदराशी चाळा करत बसल्या. सुमनबाईंनी नमुना ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तसं.” मला तेव्हाच धडकी भरली, कारण गिऱ्हाइकाचं इतकं निमूट ऐकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“त्यांच्या भागात बिनहळदीचं पांढरं पत्र दहाव्याचं असतं,” मी मागाहून म्हणालो. “दारातच वाचतात आणि फाडून टाकतात. सांगा त्याला.”

“मी का सांगू? शिकलाय ना तो? मांडव ओस पडू दे. मग येईल माझ्या पायरीवर, मावशी चुकलं म्हणत. तेवढं मला बघायचंय.”

चारशे पत्रिका त्यांनी सुबक छापल्या. रोहितने त्या पोस्टाने धाडल्या, कारण घरोघर अक्षता घेऊन फिरणं त्याला गावंढळ वाटायचं.

लग्नाला मी मुद्दाम गेलो, खोटं कशाला बोलू. आठशे पानांचा स्वयंपाक होता आणि माणसं जेमतेम सव्वाशे. निम्म्यांनी पत्र फाडलं होतं. उरलेल्यांतल्या बहुतेकांनी त्यात आपलं नाव शोधलं, ते सापडलं नाही म्हणून ते घरीच बसले. नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायला मामा नव्हता, म्हणून गिरणीतला हमाल उभा केला. हे ऐकून सुमनबाईंनी मला पेढे दिले, आणि मी ते खाल्ले. मग त्या रोज दाराकडे डोळे लावून बसू लागल्या.

नवव्या दिवशी कुसाबाई एकट्याच आल्या.

“बाई, तुमाला माहीत व्हतं?”

“होतं.”

“चिमाजी माझा एकुलता भाऊ. म्हन्तो, पत्रिकेत मामा नाय, तर दारात येऊ नको. माझं माहेर तुटलं.”

सुमनबाईंचा आवाज खाली आला. “आणि रोहित? तो काय म्हणतो?”

“त्यो खूश हाय. गर्दी नव्हती म्हून फोटू लय छान आले म्हन्तो.”

सुमनबाईंनी मशीन बंद केलं. मग हात पुसून त्यांनी कुसाबाईंना बरोबर घेतलं आणि घोटीकडची गाडी पकडली. मीही गेलो, पेढे मीच खाल्ले होते. चिमाजी आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते. बहिणीला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

“दादा, बहिणीने तुमचं नाव लिहून दिलं होतं,” सुमनबाई म्हणाल्या. “छापताना माझ्याकडून राहिलं.”

चिमाजींनी त्यांना भरल्या वाड्यासमोर नको ते सुनावलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग चिमाजींनी बहिणीला पाणी आणायला सांगितलं.

ही बातमी नाशिक रोडला पोचायला आठवडा पुरला. नावं गाळणाऱ्या बाईकडे पत्रिका कोण टाकणार? पुढच्या हंगामात सगळे रोहितकडे गेले.