लाल टॅग

रहाटणीच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जण राहतो. चाकणच्या एका कंपनीत तो तयार माल तपासतो आणि नापास मालाला लाल टॅग बांधतो. बोलतानाही तो आधी थांबतो आणि मापात बसलेलाच शब्द बाहेर सोडतो.

मी नवा गेमिंग कन्सोल घेतला, तेव्हा जिन्यात त्याला म्हणालो, "जुने पार्ट जोडून केलेल्या तुझ्या कॉम्प्युटरचे दिवस संपले." तो म्हणाला, "तोंडानं नको राव. मोजू."

रविवारी तो कॉम्प्युटर उचलून माझ्या घरी आला. टीव्ही तोच, गेम तोच, शर्यतीतलं वळणही तेच. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करून त्यानं एका सेकंदात किती चित्रं येतात ते तीन-तीनदा मोजलं. त्याचा कॉम्प्युटर हरला.

"बरोबरीत सुटलं म्हणू," मी मोठेपणानं म्हणालो.

"साहेब मागं उभा राहून पास कर म्हणतो, तेव्हा मी करत नाही. आज घरचा माल म्हणून करू?"

त्यानं खिशातून लाल टॅग काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला बांधला. मग दुसरा काढला आणि माझ्या कन्सोलला बांधला. "खोक्यावर छापलाय तेवढा आकडा हा पण देत नाही."

तो जिना उतरायच्या आत मी माझा टॅग काढून टाकला. त्याचा अजून लटकतोय, आणि तो रोज त्याच कॉम्प्युटरवर खेळतो.