मांडी न लिहिणारा माणूस

पाण्याची मोटार जळाली म्हणून त्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या शेजाऱ्यानं ती विहिरीतून वर ओढली. त्याआधी हा गडी माझ्या फाटकापाशी उभा राहून तीनदा खाकरला. आतल्या बाईमाणसाला पदर सावरायला वेळ मिळावा, म्हणून. माझी बायको सत्तरीला टेकलेली, निम्मे दात पडलेले. तिच्यासाठी हा चाळीस वर्षं खाकरत आला.

"या की भाऊजी, घसा फाटंल," ती आतून ओरडायची.

"रीत असती वहिनी," हा जमिनीकडं बघून म्हणायचा.

तुमच्याही गावात असा एक असेल. समोरून बाई आली की बांधावरून खाली उतरणारा. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. मीही म्हणायचो.

बायकोला गांधीलमाशी सोसत नव्हती. दोन वर्षांमागं एक चावली तर तोंड भोपळ्यागत सुजलं, श्वास कोंडला. नगरच्या डॉक्टरनं कशीबशी वाचवली. पोरगी पुण्यात नर्स आहे. तिनं कुठूनसं औषधाचं पेन मागवून पाठवलं. पेन म्हणजे इंजेक्शनच, सुई आत दडलेली. मोबाईलवर तोंड दाखवून तिनं समजावलं. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला दाबायचं, दहापर्यंत मोजायचं, मग दवाखाना गाठायचा. साडीवरून दाबलं तरी चालतं.

"आन बाबा, वाट बघत बसायचं न्हाई."

मी दुसरी नापास, त्यात हात कापतात. शेजाऱ्याला म्हणालो, "तू सातवी शिकलेला. तूच शीक."

तो शिकला. मन लावून शिकला, हे कबूल करतो. सरावाला माझ्या मांडीवर बॉलपेन दाबून दाबून डाग पाडले. मग पुठ्ठ्यावर टपोऱ्या अक्षरात सगळं लिहून पेनाशेजारी खुंटीला टांगलं. पोरगी आली, तिनं वाचलं आणि हसायलाच लागली.

"काका, मांडी कुठंय यात? 'पायाच्या वरच्या बाजूस' म्हंजी काय?"

"समजायचं त्याला समजतंय," हा म्हणाला. कान लाल झालेले.

आम्ही सगळे हसलो. बायको तर डोळे पुसत हसली. हसायला नको होतं. तेव्हाच कानफटात द्यायला हवी होती.

तर मोटार टेम्पोत टाकून मी तिसगावला गेलो. हा दोर गुंडाळत मागं राहिला. बायको पडवी झाडत होती, वाशाच्या सांदीत पोळं होतं. दोन माश्या मानेला डसल्या.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. लपवलं नाही, तेवढं त्याच्या पदरात टाकतो. ती भिंतीला धरून खाली बसली, ओठ सुजले, हातात जोर राहिला नाही. यानं खुंटीवरून पेन काढलं, टोपण काढलं, तिच्यासमोर बसला. आणि हात थांबला.

"भाऊजी, मारा."

"थांबा वहिनी, बाईमाणूस घिऊन येतो."

आणि पळाला. पेन मुठीत घेऊनच पळाला! दोन रानं ओलांडून, कांदे काढणाऱ्या बायांतली एक हाताला धरून आणली. चुकलो, हाताला धरून कशाला आणेल, तिच्या पुढं दहा पावलं पळत आणली. त्या बाईनं पेन दाबलं, साडीवरूनच. तोवर माझी बायको निळी पडली होती. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, लगेच दिलं असतं तर आशा होती.

मी दवाखान्याच्या आवारात, लोकांदेखत, त्याच्यावर थुंकलो. त्यानं पुसलंही नाही.

"साडीवरून जमत हुतं रं! तुला कोन लुगडं सोडाय सांगत हुतं?"

"हात उचलंना, दादा," एवढंच म्हणाला.

चारचौघांत त्याच्या रितीचं कौतुक मीच सांगत आलो. त्या थुंकीतली थोडी माझ्याही वाट्याची आहे.

संध्याकाळी तिला अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भावकी बसलेली आणि गोठ्यात म्हैस हंबरत होती. तिला बायकोचाच हात लागायचा. कास तटतटलेली, पण जवळ जाईल त्याला लाथ.

हा आला. कुणाकडं बघितलं नाही. दोरीवरची बायकोची साडी ओढली, डोक्यावरून अंगभर गुंडाळली आणि सगळ्या भावकीसमोर म्हशीखाली बसला. कुणीतरी फिसकन हसलं. म्हशीनं साडी हुंगली, पाय स्थिर केले. चरवीत धार वाजायला लागली.

मी दारातून म्हणालो, "काल कुठं गेल्ती ही अक्कल?"

त्यानं पदर डोळ्यांवर आणखी खाली ओढला आणि दुसऱ्या सडाला हात घातला.