पळीमावशींची शिकवणी आणि लाल फडकं

पळीमावशींना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनही सापडलं नसतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात घालवली. हातात कायम पळी. दिशा दाखवायची तर पळीनं, रागवायचं तर पळीनं, आणि चपला घालून आत शिरलेल्या मोठ्या डॉक्टरांना बाहेरची वाट दाखवली तीही पळीनंच. निवृत्त झाल्या तेव्हा लोकांनी शाल दिली, पुष्पगुच्छ दिला. मावशींनी घरी येऊन पहिलं काय केलं, तर चार बर्नरची शेगडी आणली. दोन बर्नरची शेगडी त्यांना खेळण्यातली वाटायची.

मुलगा विमा कंपनीत. माणूस सज्जन, आईवर जीव टाकणारा, पण दिवसभर लोकांच्या नुकसानीचे दावे तपासून त्याची नजरच बिघडली होती. जिना दिसला की त्याला मोडलेला पाय दिसायचा, पायपुसणं दिसलं की फुटलेलं डोकं. त्याचा फोनही कधी गप्प नसे. जेवता जेवता, दाढी करता करता तो फोनवर बोलायचा, आणि तिकडून कुणाचं तरी काहीतरी जळालेलं, बुडालेलं नाहीतर आपटलेलं असायचं.

वडील गेले आणि पुढच्या वर्षभरात आईची पातेली जळायला लागली. आधी दुधाचं. मग बटाट्यांचं, ज्यातले बटाटे कोळसेवाल्याला दाखवले असते तर त्यानं ओळखीचे म्हणून घेतले असते. मग एकदा नुसत्या पाण्याचं. पाणी जाळायला काय लागतं ते मावशींनाच ठाऊक. त्या वेळी शेजारणीनं धूर पाहून मुलाला फोन केला आणि तो ऑफिसच्या बुटांसकट थेट स्वयंपाकघरात आला. मावशी त्याला बुटांवरून एक शब्द बोलल्या नाहीत, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला की आणखी एक पातेलं जळलं तर गॅस काढून टाकू आणि डबा लावू. आणि तोवर घरात कुणी असेल तरच शेगडी पेटवायची.

मावशी हो म्हणाल्या. आत मात्र त्यांचं धाबं दणाणलं होतं. आयुष्यभर शेकडो माणसांना जेवू घातलं आणि आता आपण डब्याची वाट बघत बसायचं, या विचारानं त्यांना रडू यायचं. आपण असं का करतो, हेही त्यांना कळत नव्हतं. त्यांना सगळं आठवायचं. शाळेतल्या कविता आठवायच्या, शेजारणीनं नेलेली आणि परत न केलेली किसणी आठवायची. फक्त शेगडीवरचं तेवढं डोक्यातून साफ जायचं.

बरं, घरात कुणी असेल तरच म्हणे! कुणी म्हणजे कोण? मोठी माणसं कामाला जातात. मावशींनी गल्लीत नजर फिरवली तर रिकामं कोण दिसलं? सहावी-सातवीतली कार्टी. शनिवारी त्यांना शाळा नसते, आईबाप घरी नसतात आणि ती घराचं होत्याचं नव्हतं करत असतात. मावशींनी दारोदार निरोप दिला: शनिवारी स्वयंपाकाची शिकवणी, शिवाय पुढे काय व्हायचं त्याचा सल्ला, दोन्ही फुकट. आईबापांनी मुलं अशी आणून सोडली की पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

मुलाला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. कुणी असावं म्हणजे जाणतं माणूस असावं, असं त्याला म्हणायचं होतं. मावशी म्हणाल्या, मग तसं सांगायचं होतंस.

शिकवणीला टिकली तिघं. पहिली मुलगी, जिला न्यायाधीश व्हायचं होतं. ती सूप चाखायची, डोळे मिटायची आणि सूप दोषी की निर्दोष ते कारणांसहित सांगायची. दुसरा मुलगा, ज्याला वैमानिक व्हायचं होतं. तो प्रत्येक गोष्ट करण्याआधी मोठ्या गांभीर्यानं सूचना द्यायचा: आता झाकण उघडत आहे, वाफ डाव्या बाजूला जाईल, कृपया मागे सरकावे. बाकीची दोघं हसायची, पण मावशींनी त्याला पहिल्याच दिवशी शाबासकी दिली. असं बोलून झाकण उघडणारा माणूस कधी भाजत नाही.

तिसरी होती निवांत. हे नाव तिला घरच्यांनीच ठेवलं होतं, आणि कौतुकानं नव्हे. तिला काय व्हायचं होतं? काहीच नाही. आई तिला सोडायला आली तेव्हाच ओशाळून म्हणाली, की ही तासन् तास नुसती एकीकडे बघत बसते, हिचं कसं होणार देव जाणे. मावशींनी निवांतला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दुधासमोर उभं केलं. नुसतं बघायचं, दुसरं काही करायचं नाही. त्या दिवशी दूध काठापर्यंत आलं आणि तिथूनच परत गेलं. निवांतनं डोळ्याचं पातंही न लववता नेमक्या वेळी गॅस बारीक केला होता. मावशी म्हणाल्या, आमच्या हॉस्पिटलात अशी माणसं शोधून सापडायची नाहीत. निवांतचा चेहरा जरा फुलला, अर्थात सावकाश.

शिकवणीत पहिला नियम लाल फडक्याचा. तो हॉस्पिटलातलाच. जो शेगडी पेटवेल त्यानं लाल फडकं खांद्यावर टाकायचं. खांद्यावर फडकं आहे तोवर जागचं हलायचं नाही, बाहेर आभाळ कोसळलं तरी. जायचंच असेल तर फडकं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. त्यानं ते खांद्यावर घेऊन मोठ्यानं 'घेतलं' म्हणायचं, मग निघायचं. दुसरा नियम, स्वयंपाकघरात आरडाओरडा नाही. दचकलेला हात आधी भाजतो आणि मग विचार करतो.

एका शनिवारी दार वाजलं. मावशी सूप ढवळत होत्या. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, न बघताच हात मागे केला आणि दाराकडे निघाल्या. मागून आवाज आला, "घेतलं."

मावशी थबकल्या. मागे निवांत उभी होती, खांद्यावर फडकं, नजर सुपावर. मावशी दाराकडे गेल्याच नाहीत, तिथंच स्टुलावर बसल्या. मुलांना वाटलं, चक्कर आली. चक्कर नव्हती. त्यांना आत्ता कुठे उमगलं होतं. हॉस्पिटलात त्यांच्या मागे कायम कुणीतरी असायचं. घरी आल्यावर नवरा असायचा, हातात पेपर घेऊन दारातल्या खुर्चीवर. तोही फडकं घ्यायचा आणि थट्टेनं का होईना, 'घेतलं' म्हणायचा. तो गेल्यापासून वर्षभर दार वाजलं की त्या हात मागे करत होत्या, फडकं रिकाम्या खुर्चीवर पडत होतं, आणि त्या निर्धास्त मनानं दार उघडायला जात होत्या. एकदा फडकं दिलं की पातेलं आपलं राहत नाही, ही सवय हाडीमासी खिळलेली.

हे मुलाला सांगायचं, पण फोनवर सांगितलं तर तो आधी डॉक्टरकडे नेईल. म्हणून त्यांनी त्याला पुढच्या शनिवारी जेवायलाच बोलावलं. मुलं रांधतील, तो बघेल, मग बोलू.

त्या दिवशी चारही बर्नर पेटले होते. वैमानिकाकडे ऑम्लेट, न्यायाधीशांकडे सूप, निवांतकडे दूध आणि मावशींकडे बटाटे. चौघांच्या खांद्यावर चार फडकी. आणि विमावाला चांगला तासभर आधी उगवला.

बेल वाजली. मावशींचा हात सवयीनं मागे गेला, पण फडकं घ्यायला खांदा मोकळा नव्हता. मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं. मावशींनी हात पुढे आणला आणि बटाटे हलवायला लागल्या. बेल पुन्हा वाजली, मग वाजतच राहिली. ओरडायचं नाही म्हणून कुणी ओरडलं नाही. आत चौघं कशी देवळातल्यासारखी शांत उभी.

बाहेर विमावाल्याच्या डोळ्यांसमोर आजवरचे सगळे दावे उभे राहिले. गॅस गळला, आई पडली, वर लोकांची मुलं! त्यानं गाडीतून आग विझवायचं नळकांडं काढलं, मागच्या दारानं आत मुसंडी मारली आणि "आई!" अशी आरोळी ठोकून समोर दिसलेल्या वाफेवर ते रिकामं होईपर्यंत फवारलं.

पांढऱ्या पावडरीत सूप गेलं, ऑम्लेट गेलं, बटाटे गेले. न्यायाधीशांच्या भुवया पिकल्या. पण कुणी किंचाळलं नाही. चार हात पुढे झाले, चार बटणं बंद झाली. वैमानिकानं खोकत खोकत खिडकी उघडत असल्याची सूचना दिली आणि खिडकी उघडली. निवांतनं तर आरोळी ऐकतानाच दुधावर झाकण टाकलं होतं. सगळ्या स्वयंपाकघरात तेवढं दूध वाचलं.

न्यायाधीशांनी आरोपीकडे पाहिलं. "काका, स्वयंपाकघरात ओरडत यायचं नसतं. आणि बूट बाहेर."

विमावाला बूट बाहेर ठेवून आला. आई धडधाकट आहे हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि मग तो शरमला. ओटा, भांडी पुसून होईपर्यंत तो मुलांबरोबर राबला. मावशींनी त्याला खुर्चीचं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा त्यानं तो कापला आणि दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिला.

जेवायला उरलं होतं दूध आणि पाव. मावशींनी दूध पुन्हा गॅसवर ठेवलं, फडकं खांद्यावर टाकलं. केसांत पावडर, कानांत पावडर, तोंड धुवायला हवं होतं. निवांत आपणहून पुढे आली, पण मावशींनी मान हलवली आणि फडकं मुलापुढे धरलं. त्यानं ते घेतलं, खांद्यावर ठेवलं आणि गप्प उभा राहिला. तिन्ही मुलं त्याच्याकडे टक लावून बघायला लागली, तेव्हा त्याला समजलं.

"घेतलं," तो म्हणाला.

मावशी मोरीत गेल्या. नळ सोडला तेवढ्यात बाहेर त्याचा फोन वाजायला लागला. त्यांचा हात नळावरच थांबला. फोन वाजत राहिला, वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला. वैमानिकाचा आवाज आला, "काका, खिसा नाही, दूध." त्यावर मुलगा म्हणाला, "बघतोय ना रे बाबा."

मावशींनी तोंड धुतलं, कान धुतले. मग स्टूल ओढून त्या तिथेच जरा बसल्या. शेगडीवर पातेलं होतं आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.