सुलभाताईला हाक

मंगळवारी दुपारी अंबरनाथच्या आनंदनगर रस्त्यावर सुलभाताई शेअर रिक्षात बसली. शेजारी हिजडा नको म्हणून दोघांनी तिला खाली उतरवलं आणि मारलं. संध्याकाळी ती गेली.

बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, आमच्या भिंतीला लागून तिची खोली. साड्यांना फॉल-पिको करायची. घरच्यांनी ठेवलेलं दिलीप हे नाव टाकून तिने सुलभा घेतलं, तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या. "नटीचं नाव घेऊन मिरवायचंय कुणाला?" ती म्हणे. "मला हजेरी घेणाऱ्या बाईंचं नाव पाहिजे होतं." चष्मा नाकावर ओढून बघितलं की ती खरोखरच गृहपाठ तपासायला आल्यासारखी दिसे.

चाळ तिला फार मान द्यायची. बारशाला बाळ सगळ्यांत आधी तिच्या मांडीवर. नळावर हंडा मात्र सगळ्यांत शेवटी. "मी देवाच्या जवळची ना," ती म्हणायची, "म्हणून माणसं लांब उभी राहतात."

ती गेल्यावर चाळ हळहळली. "वाईट झालं. पण तिने उलटून बोलायची काय गरज होती?" धाकट्या भावाने चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला: कै. दिलीप. फोटो कॉलेजातला, नुकतं मिसरूड फुटलेला. वर्षानुवर्षं तिच्याकडे साड्या टाकणाऱ्या बायका तिथे थांबून विचारत, "कोण हो वारलं?"

दहाव्याला उल्हास नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, एकही शिवेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असणार, म्हणून भाऊ हात जोडून वचनं देऊ लागला. "दादा, आईला सांभाळीन. दादा, जमिनीत तुझा वाटा काढीन." जिवंतपणी त्याने तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता, आता वाटा काढणं सोपं होतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसला की तो चालतो.

"अरे भाऊ, हाक तरी धड मार!" आमच्या चाळीतल्या कमळाबाई ओरडल्या. "दिलीप कोन, कावल्याला काय म्हाईत?"

भाऊ पुटपुटला, "ताई, जेव."

"नाव घे तिचं."

"सुलभाताई, जेव गं."

कावळा आला. मी शिकलेला माणूस. ऊन चढलं होतं, त्याला भूक लागली असणार. भाऊ मात्र तिथेच वाळूत बसून रडला.

त्यानंतर त्याने ते नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर दिलीप आहे, खटल्यातही दिलीपच. खटला चालू आहे. सुलभा म्हणणारे आम्ही चाळीतले काही जण आहोत.