पाच पावलं मागं

तात्या पेंटर संगणकावर एखादं अक्षर बसवायचे, खुर्चीतून उठायचे आणि पडद्यावरची नजर न काढता मागे सरायला लागायचे. एक पाऊल, दोन पावलं... तिसऱ्याला त्यांचं डोकं भिंतीवर आपटायचं. शाहूपुरीतल्या एका इमारतीत आमचं वेबसाइटी बनवायचं ऑफिस होतं. मालक बाहेरच्या टेबलाशी आणि आम्ही दोघं जिन्याखालच्या खोलीत. एकाने हात लांबवून आळस दिला, तर दुसऱ्याचा चष्मा पडावा एवढी ऐसपैस जागा. महिन्याभरात भिंतीवर तात्यांच्या डोक्याच्या तेलाचा वाटोळा डाग पडला. "पाटी पाच पावलं मागं सरून बघायची असती, पावणं," ते डोकं चोळत म्हणायचे, "जवळनं काय, समदीच अक्षरं देखणी दिसत्यात."

मी जयसिंगपूरहून रोज एसटीने यायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी कायमचा पावणा. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. उभं आयुष्य त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं होतं. मग फ्लेक्स आला आणि बघता बघता त्यांचे ब्रश डब्यात वाळून काठ्या झाले. लक्ष्मीपुरीत चटणी-मसाल्याचं दुकान चालवणाऱ्या अक्कांनी आमच्याकडे वेबसाइटचं काम दिलं तेच एका अटीवर, "माझी पाटी ज्यानं रंगवली, त्यानंच ह्ये बी रंगवायचं." म्हणून मालकांनी तात्यांना घेतलं. साइट चालली तर पुढचं बघू, असं मोघम सांगून ठेवलं. तात्यांना ती नोकरी हवीच होती. "घरात रिकामं बसणं मला सोसंना गड्या. हितं डोस्कं आपटतंय, पर कामात तरी आपटतंय."

त्यांना माऊस शिकवायला मला पंधरा दिवस लागले. सोळाव्या दिवशी त्यांनी मला रंग शिकवायला सुरुवात केली. अक्कांच्या साइटचं पहिलं पान त्यांनी असं केलं, की उघडल्यावर ठसका लागावा. हळदीसारखा गडद पिवळा, त्यावर सावली दिलेली लालभडक अक्षरं आणि खाली मिरच्यांची रास.

अडलं ते शॉपिंग कार्टपाशी. मालकांनी त्याचं तयार सॉफ्टवेअर विकत आणलं होतं आणि ते साइटला जोडणं माझं काम होतं. गिऱ्हाइकाने चटणी निवडून बटण दाबलं, की पत्ता, कार्डाचा नंबर वगैरे पुढचं सगळं ते सॉफ्टवेअर स्वतःच्या पानांवर करायचं. ती पानं करडी, सरकारी अर्जासारखी. आतलं सगळं कुलूपबंद आणि आमच्या हातात फक्त वरची बोटभर पट्टी. मी त्या पट्टीवर दुकानाचं नाव टाकलं आणि 'कार्ट एकदम जुळलं' असं मालकांना सांगून मोकळा झालो.

तात्यांनी स्वतः गिऱ्हाईक होऊन पाहिलं. पिवळ्या पानावर किलोभर चटणी घेतली, बटण दाबलं, करडं पान उघडलं आणि त्यांनी माऊसवरचा हातच काढून घेतला.

"पावणं, आत्तापतुर मी अक्काच्या दुकानात हुतो. पैशाच्या वक्ताला मला कुठल्या कचेरीत आणून उभा केलंस?"

"ते बदलत नाही, तात्या. आत हात घालता येत नाही."

"मग गिऱ्हाईक नंबर देतंय व्हय? अनोळखी दारात कोण खिसा उघडतंय?"

चार दिवस ते त्या बोटभर पट्टीशी झटत राहिले. पिवळा फिकट करून बघितला, लाल दाबून बघितला. उठायचे, मागे सरायचे, डोकं आपटायचं, पुन्हा बसायचे. त्या खोलीत माझाही जीव गुदमरायला लागला. मालकांना 'जुळलं' सांगून बसलो होतो, आता 'नाही जुळलं' म्हणायची सोय राहिली नव्हती.

पाचव्या दिवशी मी आलो तर पिवळं पान गायब. तात्यांनी सगळी साइटच करडी-पांढरी करून टाकली होती. अक्षरांची सावली पुसली होती, मिरच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवल्या होत्या. दुकान कुठे संपतं आणि कार्ट कुठे सुरू होतं, ते मलाही ओळखू येईना.

"तात्या, हे काय केलंत?"

"भित हालत नसंल तर रंग हालवायचा. त्यात काय एवढं?" ते हसले. पण त्या दिवशी बघायला म्हणून ते मागे सरले नाहीत.

अक्का आल्या. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाल्या, "माझा पिवळा कुठं गेला रं?"

"दुकानावर हाय की, अक्का. हितं गिऱ्हाईक बिचकू ने म्हणून काढला."

"तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे."

साइट चालली. पुण्या-मुंबईहून मागण्या यायला लागल्या. महिन्याने मालक आत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "पेंटर, साइट झकास झाली बघा. पण असलं साधं काम हा पोरगा पण करील की. आता पेंटर कशाला लागतोय?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. कार्ट जुळलंच नव्हतं आणि मी खोटं बोललो होतो. स्वतःचं काम पुसून या माणसाने माझं झाकलं होतं. एवढंच सांगायचं होतं. मी पडद्याकडे बघत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

"साधं दिसतंय म्हणून सोपं वाटलं व्हय," एवढंच तात्या म्हणाले. जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येत जा पावणं घराकडं."

मी कधीच गेलो नाही. दोन वर्षांनी तात्या वारल्याचं अक्कांकडून कळलं, तेव्हाही मी त्याच जिन्याखाली होतो. त्या दुपारी मी अक्कांची साइट उघडली, उठलो आणि नजर न काढता मागे सरायला लागलो. तिसऱ्या पावलाला डोकं आपटलं, त्यांच्या डागाच्या वीतभर खाली. डागाशेजारचं दार उघडून आणखी दोन पावलं मागे जावं असं वाटलं. पण बाहेर मालक बसले होते. मी परत खुर्चीत येऊन बसलो.